वीस मिनिटे पुढे

“तो कागद तिच्या हातात देऊ नका!”

आईने हे वाक्य मोठ्याने उच्चारले नाही. मोठ्याने उच्चारण्याची तिला कधी गरजच पडली नव्हती. जेवणाच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला होता, त्याच्या चार कोपऱ्यांवर मिठाची बाटली, चष्म्याचे घर, फुलदाणी आणि जावईबापूंची कोपरे अशी वजने ठेवली होती, आणि थोरलीचा हात त्या नकाशाशेजारच्या कोऱ्या कागदाकडे नुकताच निघाला होता... तो अर्ध्या वाटेत थांबला, क्षणभर हवेतच राहिला, आणि मग जणू आपण पाण्याचा पेलाच उचलायला निघालो होतो अशा सराईत नम्रतेने पेल्यापाशी जाऊन विसावला. एकतीस वर्षांत त्या हाताने हे वळण इतक्या वेळा घेतले होते की आता ते कोणाच्या लक्षातही येत नसे.

“आई, अगं वेळा तीच काढणार ना,” धाकटी म्हणाली. “तिचं कामच आहे ते.”

“काढू दे. लिही तू. वाच तू.”

बंदराच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पातळीची नोंद ठेवणाऱ्या त्या अरुंद खोलीत थोरली गेली अठ्ठावीस वर्षे भरती-ओहोटीच्या वेळा काढीत होती. तिने काढलेल्या आकड्यांवर विसंबून पोलादाची अजस्र धुडे गोदीत शिरत आणि बाहेर पडत. परक्या भाषा बोलणारे कप्तान तिच्या तक्त्यांवर बोट ठेवून आपल्या खलाशांचे प्राण पणाला लावीत. अठ्ठावीस वर्षांत एक चूक नाही! आणि त्याच बाईला स्वतःच्या घरात औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा आईला वाचून दाखवण्याची मुभा नव्हती. जगाचा विश्वास आणि घराचा विश्वास या दोन वेगळ्या टांकसाळींत पडतात, आणि एकीचे नाणे दुसरीत चालत नाही, हे जिला शिकायचे असेल तिने या घरात येऊन आठवडाभर जेवावे.

बेत मात्र मोठा गोड होता. धाकटीने तो सहा महिने मनात घोळवला होता. किनाऱ्यावर एकच घर घ्यायचे, सात दिवस तिथेच मुक्काम. रोज बोचकी बांधायची नाहीत, रोज नवी खोली शोधायची नाही. सकाळी उठावे, न्याहारी करावी, वाटले तर समोरच्या एखाद्या बेटावर जावे, संध्याकाळी त्याच अंथरुणावर परत यावे. घरची पाच माणसे, शिवाय धाकटीच्या दवाखान्यातली दोन कुटुंबे, सगळी मिळून अकरा डोकी. तीन बेटे होडीची, दोन दिवस नुसते लोळण्याचे, एक दिवस बाजाराचा. आणि चौथा दिवस...

“चौथ्या दिवशी आईचं बेट,” धाकटी हलक्या आवाजात म्हणाली.

त्या बेटावर जायला होडी लागत नसे. ओहोटीला समुद्र मागे सरला की किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची एक लांब वाट उघडी पडे. माणसे पायी जात, पायी परतत. बेटाच्या टोकाला जहाजांसाठी एक लहानसा दिवा होता. या दोघींचे वडील त्या दिव्याचे राखणदार होते. रोज ओहोटीला जायचे, तेल-वात पाहायची, काच पुसायची, भरती लागण्याआधी परतायचे. अकरा वर्षे ते परतले. एका धुक्याच्या दिवशी परतले नाहीत. आईला आता शहात्तरावे लागले होते, गुडघे थकले होते, आणि मरण्याआधी एकदा त्या दिव्यापाशी बसायचे एवढेच तिचे मागणे होते.

“खुर्चीत बसवून नेऊ, चौघं जण उचलू,” जावईबापू म्हणाले. ते विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासत. म्हणून असेल, पण जगातली कोणतीही आपत्ती त्यांना दुरुस्त होण्याजोगी वाटे. “आरामात जायचं, आरामात बसायचं, आरामात यायचं. काय, सासूबाई? घाई नाही!”

“घाई नाही,” आई म्हणाली. आणि त्या दोन शब्दांवर थोरलीने पेला खाली ठेवला... कारण धाकटीने ठरवलेला चौथा दिवस कोणता, हे तिला पंचांग न पाहताही ठाऊक होते. अमावास्येनंतरचा दुसरा! वर्षातले सर्वांत मोठे उधाण!

*

ज्या चुकीसाठी थोरली एकतीस वर्षे शिक्षा भोगीत होती, ती तिने केलेली नव्हती. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस म्हणजे ती स्वतः.

वडिलांच्या घरात भिंतीवरचे घड्याळ सदैव वीस मिनिटे पुढे असे. समुद्राशी गाठ असलेल्या माणसाला उशीर परवडत नाही, म्हणून वडिलांनीच ते तसे लावले होते. रोज सकाळी ते आपले मनगटी घड्याळ त्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवीत. पण सोय रूढी झाली की तिचा उपयोग संपतो, आणि माणसाच्या बुद्धीवर माझा नितांत विश्वास असल्याने पुढचे सांगायला संकोच वाटत नाही: घड्याळ वीस मिनिटे पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि म्हणून प्रत्येक जण मनातल्या मनात वीस वजा करी. वडीलसुद्धा! स्वतःला फसवण्यासाठी पुढे केलेले घड्याळ, आणि त्या फसवणुकीला न फसण्याचा अभिमान, असा दुहेरी संसार त्या घरात सुखाने चालला होता.

थोरली तेव्हा सोळा वर्षांची होती. बंदराच्या तक्त्यातून रोजच्या वेळा एका चिठ्ठीवर उतरवून वडिलांच्या खिशात घालणे हे तिचे काम. त्या दिवशीही तिने उतरवल्या. अचूक. मग ती शाळेत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटे उशिरा पोचली. वर्गाबाहेर उभी राहून, आपण तर नेहमीच्याच वेळेला निघालो होतो, याचे तिला नवल वाटत राहिले.

त्या नवलाचा उलगडा संध्याकाळी झाला. अंगण माणसांनी भरले होते, समुद्राच्या बाजूने हाका ऐकू येत होत्या, आई उंबऱ्यावर दगडासारखी बसली होती, आणि नऊ वर्षांची धाकटी थोरलीचा परकर ओढत होती.

“ताई, ताई, बाबा आले की त्यांना सांग ना! मी सकाळी घड्याळ बरोबर केलं! रेडिओच्या ठोक्यावर! स्टुलावर चढून, एकटीनं!”

थोरलीने तिच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिली आणि शेवटची.

मग, सगळे अंगणात असताना, तीच त्या स्टुलावर चढली, आणि तिने काटा वीस मिनिटे पुढे सरकवला. धुक्यात पाणी दिसत नाही. माणूस मनगटाकडे पाहतो. वडिलांनी पाहिले असेल, आणि रोजच्यासारखी वीस मिनिटे वजा केली असतील. जी मिनिटे तिथे नव्हतीच...! दुसऱ्या दिवशी पाण्याने वडिलांना परत दिले, तेव्हा आईने कोरड्या डोळ्यांनी विचारले, “चिठ्ठीवर काय लिहिलं होतंस?” चिठ्ठीची शाई धुऊन गेली होती. थोरलीने अंगणात खेळणाऱ्या धाकटीकडे पाहिले आणि म्हणाली, “चुकून उद्याची ओळ उतरवली, आई.”

“तुझ्या हातचा कागद यापुढे या घरात नको,” आई म्हणाली होती. बस, इतकेच. त्यानंतर तिने थोरलीशी सरळ बोलणेच सोडले. जे सांगायचे ते तिसऱ्याला सांगायचे. एक स्थळ आले, तेव्हा पाहुण्यांच्या पुढ्यात आईने प्रामाणिकपणे सगळे सांगून टाकले. प्रामाणिकपणासारखे धारदार शस्त्र नाही; त्याचा वार करणाऱ्याला पुण्यही लागते. पाहुणे परत आले नाहीत. थोरलीने बंदरात नोकरी धरली, धाकटीला दंतवैद्य होईपर्यंत शिकवले, तिचे लग्न लावून दिले, तिच्या मुलीचे लंगोट धुतले... आणि भिंतीवरचे ते घड्याळ शहरातल्या या घरी आले तेव्हा, अजूनही वीस मिनिटे पुढेच असलेले, आपल्या हातांनी खिळ्याला टांगले.

*

“मावशी, तुझी वेळ सांग,” भाची म्हणाली. अकरावीला असलेल्या या मुलीचा एक कान नेहमी मोबाईलकडे असे. “चौथ्या दिवसाची. मी लिहिते, आई लाल पेनानं पक्कं करेल.”

थोरलीने ओठ ओले केले. वाट दीड वाजता उघडणार होती आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी बुडणार होती. पण ती माणसांची खोड जाणून होती... स्वतः तिनेच लावलेली! एकतीस वर्षे घरात तिने सांगितलेली प्रत्येक वेळ अलीकडे ओढलेली असे. गाडी सातची असेल तर ती साडेसहाची सांगे. डॉक्टर पाचला बोलावीत, ती साडेचार म्हणे. भीतीने! निव्वळ भीतीने!

“निघायचं दीडला,” ती म्हणाली. “आणि बेट सोडायचं तीन वीसला. खरी वेळ आहे ही. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.”

टेबलावर हशा पिकला.

“हे वाक्य!” जावईबापूंनी मांडीवर थाप मारली. “ताई, माझं लग्न झालं तेव्हा मुहूर्ताची म्हणून तुम्ही ‘खरी वेळ’ सांगितलीत, आणि मी मांडवात अर्धा तास एकटा बसलो होतो. भटजीसुद्धा आले नव्हते! या घरात जावयाला पहिला धडा मिळतो तो हा, की घड्याळ पाहावं आणि त्यावर विश्वास ठेवू नये.”

“थांबा, मी बघते,” भाचीने अंगठा फिरवला. “हं... पकडली! मावशी, तुझ्याच ऑफिसचा तक्ता आहे हा. तीन चाळीस लिहिलंय! बघ आई, वीस मिनिटं खाल्ली हिनं.”

“ताई, काय हे!” धाकटी हसत म्हणाली. “अगं, आई तीस वर्षांनी तिथे बसणार, आणि तू त्यातली वीस मिनिटं कापतेस?”

“मग वाट बुडायची वेळ तीन चाळीस लिहा. तीन चाळीसच लिहा. पण त्यापुढे...”

“त्यापुढे आणखी वीस!” जावईबापू बोट उंचावून म्हणाले. “मी विम्यातला माणूस आहे, ताई. सरकारी तक्ता म्हणजे काय? पुलावर पाटी असते दहा टनांची, पूल पेलतो पंधरा. तक्ता बनवणाऱ्यानंही सांभाळून थोडं हातचं राखलेलं असणारच.”

“मी नाही राखलं.”

“तुम्ही?” जावईबापू मनापासून हसले. त्यात दुष्टावा कणभरही नव्हता, आणि तीच तर भीषण गोष्ट होती. “तुम्ही तर नक्कीच राखलं असणार!”

धाकटीच्या हातातल्या लाल पेनाने कागदावर गोल काढला. चौथा दिवस. परत निघणे, चार वाजता. घाई नाही.

थोरलीने तो लाल गोल पाहिला... आणि तिला टेबल दिसेनासे झाले. दिसले ते तीन चाळीसचे पाणी, दोन्ही अंगांनी चोरपावलांनी येऊन वाटेच्या मध्यावर एकमेकाला भेटणारे. चारला कमरेपर्यंत. सव्वाचारला डोक्यावरून. खुर्ची खांद्यावर घेतलेली चार माणसे, खुर्चीत हात जोडून बसलेली आई, मागून चपला हातात घेऊन येणारी भाची, हसणारे जावईबापू, “घाई नाही, घाई नाही...” ज्या आकड्यांवर जहाजे चालतात ते तिचे आकडे तिच्याच माणसांना तारू शकणार नव्हते, कारण त्यांच्यापुढे आणखी वीस धरायला तिनेच त्यांना शिकवले होते. हाय रे दैवा! एक खोटे लपवण्यासाठी तिने एक घड्याळ खोटे ठेवले, आणि त्या घड्याळाने सारे घर खोटे ऐकण्याच्या सवयीचे केले!

“त्या दिवशी जाऊच नका,” ती कशीबशी म्हणाली.

आईची मान वळली. थोरलीकडे नव्हे, धाकटीकडे. “तिला सांग, एकदा तिनं त्यांना माझ्यापासून तोडलं, तेवढं पुरे झालं. आता त्यांच्या जागेपासून तरी तोडू नको म्हणावं.”

घड्याळ टिकटिकत होते. भाचीने मोबाईल उलटा ठेवला.

थोरली उभी राहिली. तिच्या पुढे दोनच दारे होती. एकातून सत्य बाहेर काढावे, तर ते धाकटीच्या उरावर पडणार. नऊ वर्षांच्या त्या अजाण पोरीच्या, जी वडिलांना खूश करायला स्टुलावर चढली होती. दुसरे गप्प राहण्याचे धरावे, तर चौथ्या दिवशी समुद्र आपले काम करणार. आणि तेव्हा, आयुष्यभर जिने स्वतःलाच पायरी करून दुसऱ्यांना वर चढवले, तिला तिसरे दारही दिसले. ते तिच्या नेहमीच्या सवयीचेच होते.

“तीन चाळीस,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “त्यापुढे आणखी वीस मिनिटं कोणी धरायची नाहीत. बाबांनी धरली होती.”

“काय म्हणाली ती?” आई धाकटीला म्हणाली.

“चिठ्ठी बरोबर होती, आई. उद्याची ओळ मी उतरवली नव्हती. खोटं सांगितलं मी. त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. सकाळी मीच ते खऱ्या वेळेला लावलं होतं, आणि सांगायला विसरले. बाबांनी त्याच्यावर हातातलं घड्याळ लावलं, आणि बेटावर सवयीनं वीस मिनिटं वजा केली. मग मी घाबरून काटा परत पुढे केला. चूक माझीच. फक्त वेगळी. तेवढ्यासाठी तरी ऐका! हात जोडते, चार वाजेपर्यंत थांबू नका!”

आईचा चेहरा पांढरा पडला. “चिठ्ठी... बरोबर होती?” ती पुटपुटली. आणि हा प्रश्न तिने धाकटीला विचारला नव्हता.

“हो.”

एवढ्यात धाकटीच्या हातातले पेन टेबलावर पडले, गडगडत कडेला गेले आणि खाली आपटले. ते कोणी उचलले नाही.

“स्टुलाचा एक पाय आखूड होता,” धाकटी म्हणाली.

“ठमे, गप्प बस,” थोरली तिला म्हणाली.

“हिरवं स्टूल. हलायचं. मी खाली वहीचा पुठ्ठा घातला होता...” ती भिंतीकडे पाहत होती, पण तिची नजर घड्याळाच्याही पलीकडे गेली होती. “ताई, त्या दिवशी तू मला का मारलंस?”

“दंगा करत होतीस.”

“नव्हते करत. काहीतरी सांगत होते मी तुला. एवढे दिवस मला ती थप्पड तेवढी आठवते... गाल अजून दुखतो माझा कधी कधी, खरंच सांगते. तू मला कधीच मारलं नाहीस, ना आधी, ना नंतर. मी काय सांगत होते, ताई?”

“काही नाही गं.”

“काय सांगत होते मी!”

“तू नऊ वर्षांची होतीस!” थोरली किंचाळली... आणि उच्चारताच तिला कळले की एकतीस वर्षे दाबून धरलेले दार आपल्याच हाताने उघडले. तिने तोंडावर पदर दाबला. पण बाण सुटला होता.

धाकटी खुर्चीत बसली, खरे तर कोसळली. रोज दहा माणसांच्या जबड्यात न कापता फिरणारे तिचे हात नकाशावर नुसते पडून होते. “तू ते... स्वतःवर... तुझं लग्न, ताई... तुझं सगळं...” भाची तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही. अशा वेळी माणसे गळ्यात पडतात असे जे सांगितले जाते, ते बहुधा ज्यांनी अशी वेळ पाहिली नाही त्यांनी रचलेले असावे.

सर्वांत शेवटी हलली ती आई. टेबलाला धरून, एकेक पाऊल टाकीत ती नकाशाला वळसा घालून आली, थोरलीपुढे थांबली, आणि टेबलावरचा कागद उचलून तिने तो तिच्याकडे पुढे केला.

“वाच,” ती म्हणाली. “तू वाच, पोरी.”

थोरलीने कागद घेतला. अक्षरे पाण्यात बुडाली होती. पण आकडे तिला पाठ होते. “चौथा दिवस. निघणे, दीड वाजता. वाट बुडणे, तीन... तीन चाळीस.”

“त्याआधीच परतायचं. घाई करायची,” आई जावयाकडे वळून म्हणाली. “जायचं, त्यांना हात जोडायचे, आणि तीन वाजता माघारी फिरायचं. मला उचलून पळावं लागलं तरी चालेल. ऐकलंत, जावईबापू?”

“हो, आई,” ते म्हणाले. ‘सासूबाई’ म्हणायचे त्या दिवशी ते विसरले. मग काहीतरी करायलाच हवे म्हणून ते उठले आणि घड्याळाखाली खुर्ची सरकवू लागले. “आधी हे एकदाचं बरोबर करतो.”

“तुम्ही नको,” आई म्हणाली. तिने धाकटीच्या मस्तकावर हात ठेवला. तो हात कितीतरी वेळ तिथे होता. “हिला लावू द्या. हिनं तेव्हाही बरोबरच लावलं होतं.”

धाकटीचा हुंदका त्या वाक्यावर फुटला. ती उठली, डोळे न पुसताच खुर्चीवर चढली. थोरलीने दोन्ही हातांनी खुर्ची धरली. खुर्चीचे चारही पाय धड होते, तरी धरली. भाचीने मोबाईलवर पाहून मिनिट सांगितले, काटा वीस मिनिटे मागे आला, आणि एकतीस वर्षांनी त्या घड्याळात खरी वेळ झाली.

“झालं,” धाकटी वरूनच म्हणाली.

आईने घड्याळाकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. तिचे ओठ सावकाश हलू लागले, आवाज न करता, हिशेब जुळवल्यासारखे... आणि थोरलीने खुर्चीवरचे हात काढले, कारण आई सवयीने वीस वजा करीत होती.

वाकून थोरलीने जमिनीवरचे लाल पेन उचलले, धाकटीने लिहिलेला चारचा आकडा आडव्या रेघेने खोडला, शेजारी ‘वाट बुडणे, तीन चाळीस’ असे लिहिले, आणि त्याभोवती गोल काढला. मग थोडा विचार करून त्या गोलाभोवती दुसरा. मग तिसरा.